खुळखुळा आणि गप्पीदास

इन नदीच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि पुढे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या तेवढ्या उरतात,
तिथलं कुरण नुओतचं.
तो गवत कापतो. मी पक्षी मोजते,
सरकारी वहीत, पेन्सिलीने.
आमचं भांडण वर्षातून एकदाच,
जुलैच्या पहिल्या आठवड्यात.

खुळखुळा हे पिवळं फूल,
चोचीसारखं पुढे आलेलं, दिसायला गरीब.
मुळं मात्र बघा:
अंधारात गवताच्या मुळांना बिलगतात
आणि त्याच्या घशातलं पाणी पितात.
नुओतचा बाप त्याला म्हणायचा,
भाडं न देणारा पाहुणा.
एका उन्हाळ्याचा संसार. फूल सुकतं,
मागे कागदी पिशवी फुगते,
आत चपट्या बिया.
वारा आला की खुळ् खुळ्.
आयुष्यात बोलतो तो एवढंच,
तेही वाळून गेल्यावर.

गप्पीदासाला वाळेपर्यंत दम नाही.
पांढरी भुवई, छातीवर पिकल्या जर्दाळूचा रंग.
आफ्रिकेतून निघतो, वाळवंट ओलांडतो, समुद्र ओलांडतो,
आणि येऊन बसतो कुरणातल्या सगळ्यात उंच काडीवर,
जणू ही काडी ठरवूनच निघाला होता.
गाणी दुसऱ्यांची उचलतो:
अर्धी ओळ चंडोलाची, चिमूटभर आणखी कुणाची,
मग स्वतःचा एक खरखरीत तुकडा जोडून
सगळं आपलंच म्हणून खपवतो.
म्हणजे दोघेही उसनवारीवर जगणारे.
एकाची चोरी मुळातली, एकाची गळ्यातली.
गवत त्या चोरीने खुरटतं;
चंडोलाचं काही कमी होत नाही.

घरटं मात्र जमिनीवर, गवताच्या बुडाशी.
अंडी निळी,
शाईत पाणी जास्त पडावं तशी.

खुळखुळा वाजला की गवत पिकलं, काढा विळे:
हे इथलं जुनं पंचांग.
आणि त्याच झाडाच्या शेंड्यावर बसून
गप्पीदास सांगतो, टेक्, टेक्,
अजून नाही, अजून नाही.
पिल्लं घरट्याबाहेर पडलीत,
पाय आहेत, पंख आठवड्याने येतील.

त्या सकाळी नुओतने यंत्र सुरू केलं
आणि बंद केलं.
दोन्ही आवाज एकदम येत होते.
"सांग, कुणाचं ऐकू?"
मी वही उघडली. वहीत तारखा होत्या.
"रविवारपासून पाऊस," तो म्हणाला.
"हिवाळ्यात अकरा गाई माझ्या तोंडाकडे बघतात.
तुझ्या वहीकडे नाही."
यावर मला काही सुचलं नाही.
तो बाहेरून आत, गोल गोल कापत आला
आणि मधल्या खुंटाभोवती
खळ्याएवढं गवत उभं ठेवून घरी गेला.
जेवायलासुद्धा थांबला नाही माझ्याशी.

पुढच्या जूनमध्ये तेवढ्या तुकड्यात
खुळखुळाच खुळखुळा.
न कापलेल्या पिशव्या तिथेच फुटल्या होत्या.
गवत विरळ, आजाऱ्याच्या केसांसारखं.
त्याची बायको, ब्रायदा, कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"घ्या, दयेचं पीक आलं."
नुओत हसला, पण थोडंच.

खुंट रिकामा होता.
मे महिन्याच्या दहाला रिकामा, वीसला रिकामा.
वाळवंटात काय झालं, की समुद्रावर,
की दुसऱ्याच कुणाची काडी आवडली,
हे वहीत लिहायला रकाना नाही.
मी शून्य काढलं, फिकं,
खोडता येईल असं.

जुलै आला. पिशव्या वाजू लागल्या.
नुओतने यंत्र सुरू केलं, बंद केलं,
खाली उतरला, मान तिरकी करून उभा राहिला.
खुळ् खुळ्, खुळ् खुळ्.
नको म्हणणारं कुणी नव्हतं.
आभाळ निरभ्र होतं, तरी तो चार दिवस थांबला.

त्या वर्षी आमचं भांडण झालं नाही.